मुलाला शाळा नको झालीये: बदलायची की थांबायचं?

सिंहगडरोडची आई
मुलगा तिसरीत आहे, मोठी इंग्रजी माध्यमाची सीबीएसई शाळा. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात दुखायला लागतं, डॉक्टरांना दोनदा दाखवलं, काही नाही निघालं. दिवाळीनंतर तर जास्तच. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय त्याने अक्षरशः पाठ केलंय, परवा रविवारी आलेल्या एका सणावर बोट ठेवून म्हणाला "आई ही सुट्टी बघ, वाया गेली". वर्गात ४८ मुलं, वहीत जवळजवळ प्रत्येक पानावर लाल पेनने 'इनकम्प्लीट', सकाळी ६.४० ची बस. मारत वगैरे कोणी नाही. घरी मराठी गोष्टींची पुस्तकं हातातून सुटत नाहीत, आणि पॅरेंट्स मीटिंगला टीचर म्हणतात ही इज व्हेरी क्वाएट. मला त्याला मराठी माध्यमाच्या प्रयोगशील शाळेत घालायचंय. नवरा आणि सासरे म्हणतात एवढी फी भरून मिळालेली शाळा सोडायची म्हणजे वेडेपणा आहे. मला नाही वाटत तसं. तुम्ही काय केलं असतं?

निवृत्त मास्तर
ताई, घाई करू नका. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत जी घरी पळायची ती यायचीच नाही, आम्ही सगळे म्हणायचो हिला अभ्यास नको. महिनाभराने कळलं की मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. ७० रुपयांची कडी बसवली, पोरगी पाच वाजेपर्यंत थांबायला लागली. म्हणून सांगतो, पोटदुखी ही खूण आहे, कारण वेगळं असतं आणि ते मूल स्वतःहून सांगत नाही. त्याला "शाळा का नको" असं विचारू नका, "मधल्या सुट्टीत कुठे बसतोस" असं विचारा. आणि तिसरीच्या पोराला ६.४० ची बस? चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत असा जीआर ८ फेब्रुवारी २०२४ लाच निघालाय, ते पण शाळेला विचारा.

नागपूरकर काका
मला हे पटत नाही. आम्ही छड्या खाल्ल्या, कोंबडा होऊन उभे राहिलो, आणि शिकलो. न आवडणाऱ्या जागी टिकून राहणं हे पण शिक्षणच आहे की. माझ्या भाच्याच्या दहावीपर्यंत तीन शाळा बदलल्या, दरवेळी कारण खरंच होतं, पण आज २३ वर्षांचा आहे आणि शाळेतला म्हणावा असा एक मित्र नाही त्याला, नोकरीतही काही बिनसलं की राजीनामा. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये, बहिणीचं घर रोज बघतोय म्हणून लिहितोय.

कोल्हापूरची मेघा
काका, छडीचं समर्थन नको. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने २००९ लाच बंदी केलीये, कलम १७. आणि मराठी प्रयोगशील शाळा म्हणजे काही कालचं खूळ नाही, आमच्याकडे लीलाताई पाटलांनी सृजन आनंद १९८५ मध्ये सुरू केली, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली कमला निंबकर बालभवन आहे, पुण्यात अक्षरनंदन १९९२ पासून आहे.
ताई, मी मुलीची शाळा चौथीत बदलली, इंग्रजीतून मराठीत. खरं सांगते, पहिले सहा महिने जड गेले. एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९ यावर रडारड, हातचा म्हणजे काय माहीत नाही, जोडाक्षरं उलटीसुलटी. पण सकाळी उठवावं लागत नव्हतं, हे मी पहिल्या आठवड्यातच बघितलं. एकच सांगते, आधी मुलाला घेऊन तिथे दिवसभर बसा, नावावर जाऊ नका, आणि मधल्या वर्गात जागा मिळणं अवघड असतं, आत्ताच विचारून ठेवा.

ठाण्याची आई
मी दोन शाळा बदलल्या, काही उपयोग झाला नाही, म्हणून मास्तरांच्या बाजूने. आमचाही असाच, वही अपुरी, तोंडी विचारलं की सगळं येतंय. पाचवीत सायन हॉस्पिटलला तपासणी झाली, डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे वाचता-लिहिताना अक्षरांची अडचण. दोन वर्षं आम्ही त्याला आळशी म्हणत होतो त्याचं अजून वाईट वाटतं. शाळा तीच ठेवली, रेमेडियल म्हणजे त्यासाठीची खास शिकवणी सुरू केली, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे येतं त्यामुळे पुढे बोर्डाला जादा वेळही मिळतो. तुमचा मराठी भराभर वाचतो म्हणजे तसं नसेलही, पण लिहिताना बसून बघा, पेन कसं धरतो, फळ्यावरून उतरवताना दर शब्दाला मान वर करतो का.

माणदेशी बाप
तुमची चर्चा वाचतोय आणि जीव तुटतोय. आमच्या गावात शाळा एकच, जि.प.ची, दोन शिक्षक चार वर्ग, पुढची ६ किलोमीटरवर. माझ्या पोराला शाळा आवडत नव्हती तर मी कुठे नेणार? शाळा व्यवस्थापन समितीवर गेलो. कायद्याने त्यात ७५ टक्के पालकच असतात पण मीटिंगला तिघं जण यायचे. दर शनिवारी शेवटचे दोन तास पोरं बाहेर, बांधावर, विहिरीवर, मोजमापं तिथेच घ्यायची, एवढं एक मास्तरांकडून मान्य करून घेतलं. शनिवार आता बुडत नाही. ज्यांना परवडतं ते पोर काढून दुसरीकडे घालतात आणि मागे उरलेल्या ४७ जणांचं तेच चालू राहतं, याचंही कोणीतरी बोला.

सिंहगडरोडची आई
दादा तुमचं पटतंय, पण समितीची ती अट खासगी विनाअनुदानित शाळेला लागू नाही, आमच्याकडे पालकांचं ऐकून घ्यायला व्हॉट्सॲप ग्रुप आहे फक्त, आणि तिथे तक्रार टाकली की ॲडमिन मेसेज उडवतात.
काका, मास्तर, तुमच्यासाठी लिहिते. काल झोपताना विचारलं मधल्या सुट्टीत कुठे बसतोस. म्हणाला जिन्यात. का रे? "तिथे मॉनिटर येत नाही". बरंच वेळाने कळलं, वर्गात मराठी बोलणाऱ्यांची नावं मॉनिटर फळ्यावर लिहितो, पाच वेळा नाव आलं की उभं राहायचं. तो व्हेरी क्वाएट आहे कारण तो बोलतच नाही. डबा पण जिन्यातच खातो.

नागपूरकर काका
हे मला माहीत नव्हतं. जिन्यात डबा खाणारं पोर टिकून राहायला शिकतंय असं मी नाही म्हणणार. तरी माझं म्हणणं एवढंच, आधी शाळेत जा आणि हेच्या हे सांगा, त्याच्यासमोर सांगा. आपल्यासाठी आई भांडली हे त्याने बघितलं पाहिजे, मग शाळा बदला हवी तर.

निवृत्त मास्तर
काकांशी यावेळी सहमत. आणि लेखी द्या, कलम १७ मध्ये मानसिक त्रासही येतो. बदलायचं ठरलं तर दाखल्यासाठी अडवतील, फी पूर्ण भरा म्हणतील. दाखला ताबडतोब द्यायचा असं कलम ५ सांगतं, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणार असाल तर दाखला यायला उशीर झाला म्हणून ती शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वर्ष मात्र संपू द्या.

ठाण्याची आई
वर्ष का संपू द्यायचं मास्तर? फेब्रुवारी-मार्च जिन्यात काढायचे?

सिंहगडरोडची आई
सोमवारी टीचरची वेळ घेतलीये, नवरा पण येतोय, जिन्याचं ऐकून तो रात्रभर जागा होता. आणि मराठी शाळेने शनिवारी वर्गात बसायला बोलावलंय. मुलाला सांगितलं तर त्याने आधी कालनिर्णयात बघितलं त्या शनिवारी सुट्टी तर नाही ना.