मदत हवी आहे: मस्टँग जीटीला टायर कोणते घालू? ३०० की २०० ट्रेडवेअर?

नमस्कार मंडळी,

ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकतो याचा आकडा; तो जितका कमी तितकी पकड साधारणपणे जास्त आणि झीज लवकर. आधी गाडी सांगते. २०१८ची फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटरचं व्ही८ इंजिन, सहा गियरची मॅन्युअल, परफॉर्मन्स पॅकवाली. ४६० हॉर्सपॉवर. गेल्या ऑक्टोबरात सेकंडहँड घेतली. राहायला एडिसन, न्यू जर्सी. ऑफिसला ही गाडी नेत नाही. एप्रिल ते नोव्हेंबर, शनिवार-रविवार, वर्षाला फार तर ५ हजार मैल. आवडता रस्ता म्हणजे रूट २३ने पोर्ट जर्व्हिसपर्यंत आणि पुढे डेलावेअर नदीकाठचा हॉक्स नेस्ट. मिलव्हिलच्या ट्रॅकवर वर्षातून एखादा दिवस जायची इच्छा आहे, अजून गेलेली नाही.

आता झालं काय ते. मे महिन्यात बाबा भारतातून आले होते. त्यांना हॉक्स नेस्ट दाखवून परत येत होतो. भुरभुर पाऊस सुरू झालेला. आय-२८७ महामार्गाच्या वळणदार रॅम्पवर दुसऱ्या गियरमध्ये मी पेडल जरा लवकर दाबलं आणि गाडीचा मागचा भाग सरळ डावीकडे निघाला. इलेक्ट्रॉनिक्सने सांभाळलं, मी फक्त स्टिअरिंगला चिकटून होते. बाबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर चहासुद्धा न घेता टॉर्च मागितला आणि चाकाशेजारी उकिडवे बसले.

बाबा एसटीच्या कराड आगारात टायर विभागात होते. आयुष्य टायरांत गेलंय. त्यांनी पुढच्या टायरच्या रबराला नख लावलं, मग मागच्या. म्हणाले, "अगं, पुढचं रबर वेगळं, मागचं वेगळं. मागच्याला नख रुतत नाही बघ. हे लाकूड आहे."

तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढे मूळचे मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, २५५/४० आर१९ (रुंदी २५५ मिमी, कडेची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १९ इंची), नक्षी झिजून ५/३२ इंचावर आलेली. मागे आधीच्या मालकाने २७५/४० आर१९मध्ये कुठल्यातरी स्वस्त कंपनीचे ऑल-सीझन (बारमाही) टायर टाकलेले. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड २७२१, म्हणजे २०२१च्या २७व्या आठवड्यात बनलेले. गाडी घेताना ज्या दुकानात तपासून घेतली तिथे सांगितलं होतं, "मागे नक्षी भरपूर शिल्लक आहे, दोन वर्षं बघायला नको." नक्षी होती, पकड नव्हती. आणि पुढची पकड मागच्यापेक्षा जास्त असेल तर पावसात काय होणार ते मी रॅम्पवर बघितलं. एकुणात मागचे तर बदलायचेच, पण पुढचेही २०१८चे आहेत, त्यामुळे चारही बदलणार आहे. बजेट साधारण १६०० डॉलर, थोडं वर गेलं तरी चालेल.

गोंधळ इथून पुढे. ट्रॅकवर जाणारे ऑफिसातले दोन मित्र म्हणतात, घ्यायचेच तर २०० ट्रेडवेअरवाले घे: ब्रिजस्टोन आरई-७१आरएस किंवा योकोहामा ए०५२. "एकदा तशी पकड अनुभवलीस की मागे वळून बघणार नाहीस." दुसरीकडे परत ४एस (ट्रेडवेअर ३००) किंवा काँटिनेंटल एक्स्ट्रीमकाँटॅक्ट स्पोर्ट ०२ (३४०) घ्यावेत असं मला स्वतःला वाटतं. पण मग मनात येतं, ४६० घोडे मागच्या दोनच चाकांवर आहेत, तर मिळेल तेवढी पकड का घेऊ नये? त्यात एकाने मागे ३०५ रुंदीचे टाक असं सुचवलंय. माझी मागची रिम साडेनऊ इंची आहे. ३०५ त्यावर बसतील का? २८५/३५ बसतील, पण त्याने काही फरक पडेल का?

बाबांचं मत विचारलं तर ते म्हणतात, कुंभार्ली घाटात पहिला पाऊस पडला की नवे टायर असोत की जुने, गाडी हळूच उतरवायची. मत बरोबर आहे, पण त्याने टायर निवडता येत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगते: "ऑटोमॅटिक घ्यायची होती" किंवा "एवढी पॉवर लागते कशाला" हे सल्ले घरात मुबलक मिळतात. इथे नकोत. :)

---

प्रतिसाद:

ताई, सगळ्यात आधी ३०५चा विषय बंद करा. साडेनऊच्या रिमवर ३०५ चढवला तर कडा आत ओढल्या जातात, टायर फुग्यासारखा बसतो आणि वळणात डुलतो. फोर्डने २०१८च्या परफॉर्मन्स पॅक २मध्ये ३०५/३० आर१९ दिले होते, पण पुढे साडेदहा आणि मागे अकरा इंची रिमवर. म्हणजे आधी रिमचा खर्च. शिवाय ३०५/३०ची उंची ६६६ मिमी भरते, तुमच्या २७५/४०ची ७०३. स्पीडोमीटर खोटं बोलायला लागेल. २८५/३५ रिमवर बसेल, पण उंची ६८२, म्हणजे पुढच्या ६८७पेक्षाही मागचं चाक बुटकं. दहा मिमी रुंदीसाठी हा उपद्व्याप कशाला? रुंद टायर घेतला की जमिनीला टेकणारा भाग फार वाढतो असंही नाही. तो मुख्यतः वजनावर आणि हवेवर ठरतो. रुंदीने त्याचा आकार बदलतो. २७५च ठेवा.

---

प्रतिसाद:

मी चार वर्षं २०० ट्रेडवेअर वापरलेत, त्यामुळे मित्रांची बाजू थोडी मांडतो. आणि थोडी कापतोही.

पहिलं म्हणजे हा आकडा कंपनी स्वतःच देते. टेक्सासात सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यांवर एका प्रमाण टायरच्या तुलनेत झीज मोजतात, पण शेवटी आकडा कंपनीच लिहिते. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० एकच असं धरू नका. एससीसीए या अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या ऑटोक्रॉस स्पर्धेत (मोकळ्या जागेत शंकू मांडून वेळ लावून गाडी चालवायची) स्ट्रीट वर्गाला किमान २०० लागतो, म्हणून अर्ध्या बाजाराने तोच आकडा धरलाय. त्यात ए०५२ आणि आरई-७१आरएस लवकर तापतात, ओल्यातही बऱ्यापैकी पकडतात. साचलेलं पाणी आलं की मात्र पाण्यावर तरंगतात, कारण नक्षी कमी खोल. हँकूक आर-एस४ ट्रॅकवर दिवसभर टिकतो, पण थंडीत आणि पावसात नको. म्हणजे "२०० घे" हा सल्लाच अपुरा आहे.

दुसरं, तुमच्या गाडीचं गणित. पहिल्या गियरमध्ये पूर्ण पेडल दाबलं तर इंजिनची ओढ मागच्या चाकांवरच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भरते. रस्त्यावर चालणारा कुठलाच टायर ती जमिनीत उतरवू शकत नाही. २०० घेतलात तरी चाक फिरणारच, फक्त थोडं उशिरा. आणि तुमचा प्रसंग उन्हाळ्यातल्या कोरड्या रस्त्यावर घडला नाही. ओल्या रॅम्पवर, गार टायरांनिशी, बाबा शेजारी असताना घडला. तिथे ४एस आणि स्पोर्ट ०२ दोन्ही चांगले. माझे २०० वाले मागचे सात हजार मैलांत संपले, वर छोटे खडे उचलून चाकाच्या कमानीत पत्र्यासारखे वाजवायचे. बायको त्याला "चणे भाजणं" म्हणायची.

ट्रॅकला जाल तेव्हा जा, पहिले दोनतीन दिवस याच टायरांवर शिका. टायर घसरायच्या आधी कुरकुर करतो, तो आवाज ओळखायला येऊ द्या. जास्त पकडीचे टायर ही सूचना उशिरा देतात आणि सुटतात तेव्हा वेग जास्त असतो.

---

प्रतिसाद:

थंडीचं कुणीच बोललं नाही. एप्रिल ते नोव्हेंबर म्हणताय, पण न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सकाळी तापमान ७ सेल्सियसखाली जातं, आणि त्याखाली ४एससारखे सगळे उन्हाळी टायर कडक होतात. उणे ७च्या खाली तर मिशेलिनच सांगते की हे टायर वापरू नका, गाडी हलवूसुद्धा नका, रबराला तडा जाऊ शकतो. हिवाळ्यात गॅरेजमध्ये ऊब नसेल तर गाडी पुढेमागे करायच्या आधी थर्मामीटर बघा. बाकी हवा दर महिन्याला तपासा. दहा फॅरनहाइट तापमान उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होते.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद:

सगळ्यांना धन्यवाद. ३०५ बाद, २८५ही बाद. "चणे भाजणं" वाचून बाबा फोनवर जोरात हसले.

४एस मागवले, चारही, मूळच्याच मापात. काँटिनेंटल थोडे स्वस्त पडत होते, पण पुढच्या ४एसनी एवढे जुने असूनही मला एकदाही घाबरवलं नाही, हे मनात राहिलं. मिशेलिनची ३० हजार मैलांची हमी मागचं माप वेगळं असलं की मागच्या टायरांना अर्धीच लागू होते, हे बारीक अक्षरातलं वाचूनच मागवलेत. माझ्या वापराला १५ हजार मैल म्हणजे तीन वर्षं. बसवताना चौचाकी अलाइनमेंट करून घेणार आहे. मागचे टायर आतल्या कडेने जास्त झिजलेत हे बाबांनीच टॉर्चने दाखवलं होतं, तेव्हा नुसतं टायर बदलून भागणार नाही.

एकच शंका उरली. नवे टायर बसवल्यावर पहिल्या काही शे मैलांत पकड कमी असते म्हणतात, साच्यातून काढताना वापरलेलं तेलकट द्रव्य पृष्ठभागावर राहतं म्हणून. किती मैल सांभाळून चालवता तुम्ही? बसवायची वेळ शनिवारी सकाळची मिळाली आहे आणि हवामानात दुपारनंतर पाऊस दाखवतोय.