शेणाचा मिथेन जनावरं मोजून कळत नाही

वर कोणीतरी मांडलंय की भारतात गाई-म्हशी मिळून ३० कोटी, अमेरिकेत गुरं ९ कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या शेणातून मिथेनही (हवामान तापवणारा वायू) तिप्पट. रवंथ करताना ढेकरेतून निघणाऱ्या मिथेनबद्दल संख्या मोजून थोडाफार अंदाज बांधता येईल, पण शेणाचं गणित वेगळं आहे.

मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव हवा नसलेल्या ओलाव्यात वाढतात. अमेरिकेतल्या मोठ्या डेअऱ्या आणि वराहपालन केंद्रं गोठा पाण्याने धुऊन सगळं खोल तळ्यात साठवतात. आयपीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शेणातून जास्तीत जास्त जितका मिथेन निघू शकतो, त्यापैकी ६६ ते ८० टक्के अशा उघड्या तळ्यात प्रत्यक्ष तयार होतो. कोरड्या ढिगात २ ते ५ टक्केच. आमच्या नागपूरकडे शेण थापून गोवऱ्या होतात किंवा उकिरड्यावर जातं. मे महिन्यातल्या ४५ अंशांत त्याला ओलं राहायला वेळच मिळत नाही! (गोवऱ्या जाळल्यावर होणारा धूर हा वेगळा, चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसाचा प्रश्न.)

मात्र हीच उष्णता उलटूही शकते. शहराकडेच्या गोठ्यात शेण पाण्यासोबत खड्ड्यात सोडलं, तर उकाड्यात वायू थंड देशांपेक्षा जोरात सुटतो. डेअऱ्या मोठ्या होतील तशी ही पद्धत वाढेल, म्हणून झाकलेला बायोगॅस प्लांट सुरुवातीलाच हवा, आणि गळका नको. गळक्या टाकीतून निघालेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट तापवतो.