पिजन आयलंडवरून मार्टिनिक दिसलं!

मुग्धा: अविकाका, हा मेसेज खास तुमच्यासाठी. कॅरिबियनमधल्या सेंट लुशियातल्या पिजन आयलंडवर आज चढले. माथ्यावरून शेजारचं मार्टिनिक बेट चक्क दिसलं!

अविकाका: अरे वा! इंग्रज आरमारप्रमुख रॉडनीची टेहळणीची जागा. चढ कसा आहे गं?

मुग्धा: दोन टेकड्या आहेत, काका. बुटकीवर फोर्ट रॉडनी, तोफा अजून तिथेच आहेत. दुसरी सिग्नल पीक, साधारण साडेतीनशे फूट. तिचा शेवटचा टप्पा खडकाळ आणि उभा आहे. खाली बराकींच्या नुसत्या भिंती उरल्यात, तिथे मी बराच वेळ रेंगाळले.

सुलभामावशी: बेटावर जायला होडी लागली का?

मुग्धा: नाही मावशी, थेट गाडीनं. १९७२ पासून भराव घालून ते जोडलेलं आहे.

निखिल: ताई, ग्रॉस आयलेटचं क्रिकेट मैदान जवळच ना? रोहितनं ऑस्ट्रेलियाला ४१ चेंडूंत ९२ ठोकले ते?

मुग्धा: हो रे, तेच. २४ जून २०२४!

सुलभामावशी: पण एवढ्याशा टेकडीवरून पाहायचं तरी काय?

मुग्धा: मावशी, तेच तर वर गेल्यावर कळतं. समोर तीस-पस्तीस किलोमीटरवर मार्टिनिक, तेव्हाचा फ्रेंच आरमाराचा तळ. १७७८ मध्ये इंग्रजांनी सेंट लुशिया घेतलं ते याच मोक्यासाठी. १७८२ मध्ये फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून जमैका घेणार होते. रॉडनीचं आरमार खालच्याच खाडीत नांगर टाकून बसलेलं. त्याची हलकी जहाजं मार्टिनिकच्या फोर्ट रॉयल बंदराच्या तोंडाशी गस्त घालायची आणि एकीकडून दुसरीकडे निशाणं दाखवत बातमी इथवर पोचवायची. ८ एप्रिलला फ्रेंच निघाले आणि रॉडनी त्याच दिवशी पाठीवर! १२ एप्रिलला सेंट्स बेटांपाशी मोठी लढाई झाली, फ्रेंच सेनापती द ग्रास आपल्या जहाजासकट पकडला गेला आणि जमैका वाचलं. द ग्रास म्हणजे आदल्याच वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात चेसापीकच्या उपसागराशी इंग्रजांना अडवणारा, ज्यामुळे यॉर्कटाउन पडलं.

अविकाका: आणि मुग्धा, त्याच १२ एप्रिलला आपल्याकडे श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ फ्रेंच सुफ्राँ आणि इंग्रज ह्यूज यांची आरमारंही भिडली होती. पुढच्या महिन्यात, १७ मेला, मराठ्यांचा इंग्रजांशी सालबाईचा तह झाला. इंग्रज तेव्हा किती ठिकाणी अडकले होते बघ. हे सगळं एकत्र ठेवून वाचायला हवं, म्हणून मी तारखा पाठ करून घ्यायचो तुम्हा मुलांकडून.

मुग्धा: काका, हे डोक्यातच आलं नव्हतं! वर उभी असताना माहीत असतं तर आणखी थांबले असते.

सुलभामावशी: आता पाणी पी भरपूर. आणि फोटो?

मुग्धा: हॉटेलवर पोचले की टाकते. तोफांचे आधी, काका.

अविकाका: तोफांवर काही कोरलेलं असेल तर जवळून घेतलेला टाक. वाट बघतोय.