'अनुपलब्धी'वर स्वतंत्र लेख हवा, की 'प्रमाण' लेखातला एक विभाग पुरे?

घटपट:
विकिपीडियावर 'अनुपलब्धी' (एखादी गोष्ट न दिसण्यावरून ती नाही हे कळणं) हा लेख लिहायला घेतलाय. चर्चापानावर लगेच सूचना आली, 'प्रमाण' (ज्ञान मिळवण्याचं साधन) लेखात विलीन करा. मला हे अजिबात पटत नाहीये. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशानं कळतं? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात, डोळ्यांनीच. मीमांसादर्शनातली कुमारिल भट्टांची परंपरा विचारते, जे नाहीच त्याच्याशी डोळ्यांचा संबंध येणार कसा? म्हणून हे सहावं, वेगळं प्रमाण. मीमांसेतलाच दुसरा पंथ असलेले प्राभाकर तर अभाव (नसणं) हा पदार्थच मानत नाहीत, त्यांच्या लेखी दिसते ती नुसती जमीन. एवढा वाद दोन ओळींत कसा बसवू? स्वतंत्र लेख टिकायला नेमकं काय दाखवावं लागतं?

पानोपानी:
संकल्पना महत्त्वाची आहे, एवढ्यावर उल्लेखनीयता ठरत नाही. सहा प्रमाणांच्या यादीत नाव असणंही पुरेसं नाही. खास तिच्यावरच कुणी सविस्तर लिहिलंय का, ते दाखवा. कुमारिलांच्या 'श्लोकवार्तिका'त अभावपरिच्छेद आहे, अद्वैत वेदान्ताच्या 'वेदान्तपरिभाषे'त अनुपलब्धीवर वेगळा परिच्छेद आहे. पण हे झाले मूळ ग्रंथ. त्यांच्यावर आधुनिक अभ्यासकांचं विवेचनही लागेल. बिमल कृष्ण मतिलाल यांचं नव्यन्यायातल्या (न्यायदर्शनाच्या नंतरच्या शाखेतल्या) निषेधविचारावरचं १९६८चं पुस्तक आहे, अभावाच्या बाजूसाठी तिथून सुरुवात करा.

रिकामी_ओळ:
माझं मत विलीन करण्याकडेच. आज अनुपलब्धी, उद्या प्रागभाव, परवा प्रध्वंसाभाव, अन्योन्याभाव, अत्यंताभाव, असे अभावाचे चारही प्रकार. सगळे चार-चार ओळींचे लेख. वाचकानं किती पानं हिंडायची? 'अभाव' हा एकच भरघोस लेख करा, बाकी सगळी पुनर्निर्देशनं (त्याच लेखाकडे वळवणारी पानं).

घटपट:
प्रागभावाबद्दल मान्य. वस्तू निर्माण होण्याआधीचा अभाव, अनादी पण सांत (सुरुवात नाही, पण शेवट आहे), एवढं सांगून उदाहरण दिलं की विभाग पुरा होतो. अनुपलब्धीचं तसं नाही हो. अभाव ही जाणायची गोष्ट, अनुपलब्धी हे जाणण्याचं साधन. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो तिथे नाही असं म्हणता येत नाही. 'असता तर दिसलाच असता' अशी परिस्थिती लागते. हीच योग्यानुपलब्धी, आणि सगळा कस इथेच लागतो. शिवाय बौद्ध तार्किक धर्मकीर्ती अनुपलब्धीला वेगळं प्रमाण न मानता अनुमानातला हेतू (ज्यावरून निष्कर्ष काढतात ती खूण) मानतात आणि 'न्यायबिंदू'त तिचे ११ प्रकार देतात. ते 'अभाव' लेखात घातले तर उपरे वाटतील, 'प्रमाण' लेखात घातले तर त्याचा तोल जाईल. मतिलाल मिळवतो आणि मसुदा धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) टाकतो. तो वाचून होईपर्यंत विलीनीकरणाचा साचा लावू नका, एवढी विनंती.

पानोपानी:
टाका. बौद्ध मताचा भाग आधी लिहा, तिथले संदर्भ मी तपासून देतो.