सौद्याच्या दिवशी पट्ट्या गायब होतात: दोष सॉफ्टवेअरचा, संगणकाचा की आमचा?

गूळ अडत दुकानदार, शाहू मार्केट यार्ड

नमस्कार. आमचे गुळाचे अडत दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याच्या हिशेबाच्या पावत्या), खरेदीदारांची बिले आणि खतावणी हे सारे काम गेली चौदा वर्षे एका स्थानिक प्रोग्रामरने फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत करून दिलेल्या सॉफ्टवेअरवर चालते. मुख्य संगणक आत पेढीवर आहे आणि दुसरा बाहेर सौद्याच्या ठिकाणी वायफायने जोडलेला आहे.

परवा ४३८ क्रमांकाची पट्टी जतन करताना पडदा पांढरा झाला, निळे वर्तुळ फिरत राहिले आणि पाच-सहा मिनिटांनी सॉफ्टवेअर आपोआप बंद पडले. समोर पन्हाळा तालुक्यातील एक वयस्कर शेतकरी रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या व वजन लिहिलेला कागद हातात धरून उभे होते. घाईने पुन्हा सुरू करून त्यांची पट्टी काढली, तर तिच्यावर ४१२ हा क्रमांक छापून आला. तो क्रमांक सकाळीच दुसऱ्या शेतकऱ्याला दिलेला होता. हे माझ्या लक्षात येईपर्यंत मुलाने ४१३ क्रमांकाचीही पट्टी करून टाकली होती. म्हणजे सकाळपासूनच्या २६ पट्ट्या सॉफ्टवेअरच्या लेखी झाल्याच नव्हत्या. तेव्हापासून आम्ही त्यात एकही नोंद केलेली नाही.

याआधीही पट्ट्यांच्या यादीतील बेरीज आणि खात्यातील बेरीज जुळत नसे. प्रोग्रामर म्हणतात की संगणक बदला, आणि संगणक दुरुस्त करणारे म्हणतात की सॉफ्टवेअर जुने झाले आहे. मागच्या हंगामात नवा संगणक घेतला, तरी फरक पडला नाही. शेतकरी आमच्या कागदावर विश्वास ठेवून माल उतरवतो, त्यामुळे ही गोष्ट मनाला फार लागली आहे. दोष नेमका कोठे आहे, हे कसे ओळखावे? कार्बन घालून लिहायच्या जुन्या पट्टीबुकाकडे परत जावे का?

निवृत्त प्रोग्रामर, राजारामपुरी

आपण नोंदी थांबवल्या, हे सर्वांत चांगले केलेत. आता प्रथम त्या सॉफ्टवेअरचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि पुढची सारी खटपट त्या प्रतीवरच करा.

फॉक्सप्रोची माहिती डीबीएफ प्रकारच्या फाइलमध्ये राहते. तिच्या अगदी सुरुवातीला एक लहानसा मथळा असतो आणि एकूण नोंदी किती, हा आकडा त्यात लिहिलेला असतो. नोंद फाइलच्या शेवटी लिहिली गेली, पण मथळ्यातील आकडा वाढण्यापूर्वी वीज गेली किंवा वायफाय तुटले, तर नोंद डिस्कवर असूनही सॉफ्टवेअरला दिसत नाही. आपल्याकडे हेच घडले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तसे असेल तर आपल्या बऱ्याचशा पट्ट्या अजून फाइलमध्ये आहेत. मात्र नवी नोंद कोठे लिहायची, हे सॉफ्टवेअर त्याच आकड्यावरून ठरवते. त्यामुळे नंतर केलेल्या दोन पट्ट्या सकाळच्या पहिल्या दोन पट्ट्यांवरच लिहिल्या गेल्या असतील. आपण आणखी दहा पट्ट्या केल्या असत्या, तर आणखी दहा गेल्या असत्या. मथळ्यातील आकडा दुरुस्त करणे जाणकाराला अवघड नाही. तोपर्यंत कोणी फाइल नव्याने लिहून काढणारी ‘पॅक’ आज्ञा चालवण्याचा सल्ला दिला, तर ती चालवू नका.

बेरीज न जुळण्याचे कारण बहुधा इंडेक्स फाइल हे असावे. ती वेगळी असते आणि पुस्तकाच्या शेवटी असलेल्या सूचीसारखे काम करते. सूचीत नाव आले नाही म्हणून पुस्तकातले पान नाहीसे होत नाही, पण सूचीवरून शोधणाऱ्याला ते सापडत नाही. त्यामुळे एक अहवाल थेट फाइल वाचत असेल आणि दुसरा इंडेक्सवरून जात असेल, तर दोन बेरजा येतात. इंडेक्स नव्याने बांधल्यावर हा फरक जातो, पण मूळ कारण राहिले तर तो पुन्हा येतो.

अशा सॉफ्टवेअरसाठी वायफाय वापरूच नये. बाहेरच्या संगणकापर्यंत केबल ओढा आणि दोन्ही संगणकांना यूपीएस लावा. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, म्हणजे ९ वी, २००४ मध्ये आली आणि मायक्रोसॉफ्टने तिचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपवला. आपल्या प्रोग्रामरने हे वेळीच सांगायला हवे होते. स्वतः या व्यवसायात आयुष्य घालवल्यामुळे मी हे जबाबदारीने लिहितो आहे.

लेखापाल, इचलकरंजी

दोष कोणाचा, या प्रश्नाचे काही उत्तर विंडोजच स्वतः लिहून ठेवते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून त्या दिवसाची ती वेळ पाहा. ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद असेल, तर संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला आहे आणि बहुतेक वेळा त्यामागे वीज असते. ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांक दिसला, तर डिस्कवर खराब भाग आढळला आहे. ‘ॲप्लिकेशन एरर १०००’ किंवा ‘ॲप्लिकेशन हँग १००२’ असेल आणि तेथे आपल्या सॉफ्टवेअरच्या फाइलचे नाव असेल, तर ते सॉफ्टवेअरच बंद पडले किंवा अडकले आहे आणि निदान चर्चा योग्य माणसाशी सुरू करता येते. पडद्यावर संदेश आला की तो बंद करण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. “सॉफ्टवेअर चालत नाही” एवढेच सांगितले की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, हा अनुभव मी अनेक पेढ्यांवर घेतला आहे.

यंत्रांच्या सुट्या भागांचे दुकान, शाहूपुरी

बॅकअपबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या दुकानात पाणी शिरले. रोज संध्याकाळी न चुकता बॅकअप घेतलेला पेनड्राइव्ह संगणकाच्याच टेबलाच्या खणात होता. चिखलातून तो खण ओढून काढला, तेव्हाचा क्षण आजही आठवतो. आता एक प्रत रोज घरी जाते, आणि महिन्यातून एकदा ती घरच्या संगणकावर उघडून शेवटचे बिल दिसते की नाही, हे पाहतो. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये. त्यानंतर आम्ही इंटरनेटवर चालणारे सॉफ्टवेअर घेतले. माहिती सुरक्षित राहते, हे खरे, पण लाइन गेली की गिऱ्हाईक खोळंबते, म्हणून हातबिलांचे पुस्तक गल्ल्याजवळ कायम असते. आपणही पट्टीबुक जरूर ठेवा.

गूळ अडत दुकानदार, शाहू मार्केट यार्ड

सर्वांचे मनापासून आभार. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये वीज किंवा डिस्क यांची नोंद नव्हती, ‘हँग १००२’ मात्र त्याच वेळेचे होते. ती नोंद दाखवल्यावर प्रोग्रामर स्वतः दुकानात आले आणि त्यांनी प्रतीवर काम करून २६ पैकी २४ पट्ट्या परत मिळवल्या. आपण म्हणालात तशा ४१२ आणि ४१३ गेल्या होत्या. दोन्ही शेतकऱ्यांना फोन केला. एकांनी पट्टीचा फोटो पाठवला. दुसऱ्यांच्या गावी मुलगा मोटारसायकलने जाऊन पट्टी पाहून आला. ज्या दोघांना तेच क्रमांक पुन्हा गेले होते, त्यांना नव्या क्रमांकाच्या पट्ट्या करून दिल्या. केबल काल ओढली आहे, आणि पुढच्या सौद्यापासून प्रत्येक पट्टीच्या दोन प्रती छापून एक आमच्याकडे फाइलला लावणार आहोत.