चीननं रोखे फुंकले? आधी कोष्टक नीट वाचा

खतावणी: "चीन डॉलरमधून पळाला, जपान अडकून पडला" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. पुरावा काय, तर अमेरिकी ट्रेझरीचं (अर्थखात्याचं) टिक कोष्टक, म्हणजे अमेरिकी सरकारचे रोखे कुठल्या देशाच्या नावावर किती याची यादी: २०२४ अखेर जपान १.०६ लाख कोटी डॉलर, चीन ०.७६. अहो, ती गंगाजळीची, म्हणजे सरकारी परकीय चलनसाठ्याची तुलना नाहीच! जपानच्या ओळीत तिथल्या विमा कंपन्या, बँका, पेन्शन फंड सगळे आले. चीनच्या ओळीत मुख्यतः सरकारी साठा, तोही थेट चीनच्या नावावर दिसतो तेवढाच. फॅनी-फ्रेडी या अमेरिकी गृहकर्ज संस्थांचे 'एजन्सी' रोखे या कोष्टकात धरतच नाहीत.

सरळरेघ: पोस्ट माझीच. बारकावे छान, पण दिशेचं काय? नोव्हेंबर २०१३मध्ये चीन १.३ लाख कोटींवर होता. जून २०१९मध्ये जपान पुढे गेला, मे २०२२मध्ये चीन १ च्या खाली आला, मार्च २०२५मध्ये ब्रिटननंही त्याला मागे टाकलं. अजून काय हवंय?

खतावणी: आकडा घटला म्हणजे विक्री झाली, हे कुणी सांगितलं? सप्टेंबर २०२२ मधली जपानची गंगाजळी बघा. ठेवी १३६ अब्ज डॉलरवर जागच्या जागी, रोखे मात्र ५१ अब्जांनी खाली. त्या महिन्यात येन सावरायला २.८ लाख कोटी येन खर्ची पडले, म्हणजे जेमतेम २० अब्ज डॉलर. उरलेली घट बहुतेक व्याजदर चढल्यानं भाव पडले त्याची. तुमच्या हिशेबात तीही 'विक्री'च.

पाटीपेन्सिल: ०.७६ लाख कोटी काय लिहिताय? ७६० अब्ज लिहा की! मराठीत अब्ज आहे, तो वापरायला लाज वाटते का?

कस्टडीवाला: बेल्जियमचं नाव कसं कुणी काढलं नाही? मार्च २०१४मध्ये त्या चिमुकल्या देशाच्या नावावर ३८१ अब्जांचे ट्रेझरी रोखे होते. कारण ब्रुसेल्सचं युरोक्लिअर, जगभरच्या गुंतवणूकदारांचे रोखे सांभाळणारी संस्था. रोखे जिथे सांभाळायला ठेवले, त्या देशाच्या नावावर टिक ते मांडतं. पुढे युआन सावरताना चीनची गंगाजळी ३.९९ वरून ३ लाख कोटींवर आली, आणि त्याच काळात बेल्जियमचा आकडाही कोसळला. योगायोग?

सरळरेघ: म्हणजे चीन आणखीच जास्त विकत होता! माझ्याच बाजूनं बोलताय.

खतावणी: थांबा. युरोक्लिअरचे गिऱ्हाईक शेकड्यांनी. मार्च २०१४मध्येच न्यूयॉर्क फेड (अमेरिकी मध्यवर्ती बँकेची शाखा) परदेशी सरकारांसाठी सांभाळते त्या रोख्यांतून, म्हणजे तिच्या कस्टडीतून, एका आठवड्यात १०४ अब्ज डॉलरचे रोखे बाहेर गेले, तेव्हा सगळ्यांची बोटं रशियाकडे होती. बेल्जियमच्या ओळीवर चीनचा शिक्का मारणं हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

कस्टडीवाला: शिक्का नको, पण दोन्ही आलेख एकावर एक ठेवून बघा. आंधळेपणाचं सोंग किती आणणार?

खतावणी: सोंग तुम्हीच आणताय. चढउतार जुळले म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

सरळरेघ: मग भावाचंच गणित करा. सरासरी ड्युरेशन (व्याजदर एक टक्का-अंक चढला तर किंमत किती टक्के पडेल त्याचं माप) ५ धरलं आणि दर ३ टक्के-अंकांनी चढले, तर किंमत साधारण १५ टक्के पडेल. चीनची घट ४२ टक्के आहे! शिवाय मुदत संपली की दर्शनी किंमत पूर्ण परत मिळते, तोटा कायम राहत नाही. आणि कमी करायला विकावं कशाला लागतं? मुदत संपलेले पैसे पुन्हा गुंतवले नाहीत की झालं.

खतावणी: हे कालच लिहिलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. घट खरी, मान्य. 'पळाला' तेवढं काढा.

सरळरेघ: काढतो. 'ब्रुसेल्समार्गे निघाला' चालेल?

पाटीपेन्सिल: आणि लाख कोटी?