मूत्रपिंडाचा जुनाट विकार असताना हरणाचे मांस खावे का?

प्रश्न:
आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात राहतो. माझे वडील पुण्याहून आमच्याकडे राहायला आले आहेत. त्यांचे वजन ६० किलो असून मूत्रपिंडाच्या जुनाट विकारामुळे ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती गाळतात हे दाखवणारा आकडा) ३८ च्या आसपास आहे. डायलिसिस सुरू नाही. नोव्हेंबरच्या हंगामात आमच्या शेजाऱ्यांनी परवाना घेऊन पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार केली आणि आम्हाला खिमा व सॉसेज आणून दिले. या मांसात चरबी फार कमी असल्याने ते मटणापेक्षा चांगले, असे बाबांचे म्हणणे आहे. त्यांना ते द्यावे का?

प्रतिसाद १:
चरबी कमी असते हे खरे, परंतु तुमच्या वडिलांच्या बाबतीत आधी प्रथिनांचा हिशेब करावा लागेल. या टप्प्यावर दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे त्यांच्यासाठी सुमारे ४८ ग्रॅम. आणि शिजवलेल्या ८५ ग्रॅम हरणाच्या मांसातूनच त्यांपैकी जवळजवळ निम्मी मिळतात. म्हणून ज्या दिवशी हे मांस खायचे, त्या दिवशी डाळ, उसळ, दही यांचे प्रमाण घटवावे. सॉसेज मात्र देऊच नये, कारण त्यात मीठ भरपूर असते आणि अनेकदा फॉस्फेटही मिसळलेले असते, जे मांसातील नैसर्गिक फॉस्फरसपेक्षा आतड्यातून अधिक सहज शोषले जाते.

प्रतिसाद २:
मला खिम्याची अधिक काळजी वाटते. शिशाची गोळी शरीरात शिरताच फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूर पसरतात; खिमा करताना ते सगळीकडे मिसळतात. शिसे शरीराबाहेर पडते ते मुख्यतः लघवीवाटे, आणि ते मूत्रपिंडालाच अपाय करते, त्यामुळे आधीच दुबळे मूत्रपिंड असलेल्या माणसाने हा धोका पत्करू नये. गोळी तांब्याची होती का, हे अवश्य विचारा. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा प्राणघातक आजार आढळत आहे. तो माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये असाच अधिकृत सल्ला आहे, आणि शिजवल्याने तो दोष जात नाही. राज्याचा वन्यजीव विभाग ही तपासणी मोफत करतो.

प्रश्नकर्ती:
गोळी शिशाचीच होती, म्हणून खिमा बाबांना देणार नाही. तपासणीचा अहवाल निर्दोष आला आहे. शेजारी आता जखमेपासून दूरचा, मागच्या पायाचा अखंड तुकडा देत आहेत.

प्रतिसाद १:
तो चालू शकेल, मात्र वडिलांच्या डॉक्टरांना ताजा रक्त-अहवाल दाखवून आधी विचारा. मांसाचे लहान तुकडे करून भरपूर पाण्यात उकळावे आणि ते पाणी टाकून द्यावे. दुबळे मूत्रपिंड जे नीट बाहेर टाकू शकत नाही ते पोटॅशियम व फॉस्फरस त्याने काही अंशी कमी होतात. त्याच कारणाने रस्सा वाढू नये, सुके खोबरे टाळावे, आणि ‘कमी सोडियमचे’ मीठ तर वापरूच नये, कारण त्यात पोटॅशियम असते. मांस आतपर्यंत पूर्ण शिजलेले असावे. यकृत (कलेजी) आणि गुर्दा मात्र घेऊ नका. त्यांत कॅडमियम हा विषारी धातू साठतो.